पेशंट सिगारेट ओढतो का? ५०२ डिस्चार्ज समरी आणि कॉम्प्युटर

२००६ साली बॉस्टनच्या पार्टनर्स हेल्थकेअर या हॉस्पिटलांच्या ग्रुपमधल्या काहीशे डिस्चार्ज समरी, म्हणजे पेशंट घरी जाताना डॉक्टर जो गोषवारा लिहितो ते कागद, वेगवेगळ्या टीम्सना दिल्या गेल्या आणि काम एवढंच सांगितलं की प्रत्येक समरी कॉम्प्युटरने वाचायची आणि पेशंट सिगारेट ओढतो का नाही ते सांगायचं. बस. निदान नको, औषधं नकोत, ऑपरेशन नको. ऐकायला इंजिनिअरिंगच्या मिनी प्रोजेक्टसारखं वाटतं, पण क्लिनिकल टेक्स्टवर, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या मजकुरावर, काम करायला नवीन येणाऱ्या पोरांना मी अजूनही आधी हेच प्रकरण वाचायला लावतो, कारण पुढे या कामात जे जे आडवं येतं ते जवळपास सगळं इथे छोट्या आकारात येऊन गेलंय.

आधी हे काम निघालं कशातून ते सांगतो. आयटूबीटू नावाचं एक केंद्र अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या पैशावर २००४ मध्ये सुरू झालं होतं, हार्वर्ड आणि पार्टनर्सच्या लोकांचं, आयझॅक कोहाने त्याचे प्रमुख. कल्पना अशी की हॉस्पिटलच्या रोजच्या कामातून जो डेटा असाही तयार होतो तोच रिसर्चला वापरायचा, दर वेळी नवा सर्व्हे काढत बसायचं नाही. त्यांच्या सुरुवातीच्या कामात एक दम्यावरचं होतं, आणि दम्याच्या पेशंटचा अभ्यास करायचा तर तो सिगारेट ओढतो का हे कळल्याशिवाय हिशोबच लागत नाही, कारण वर्षानुवर्षं ओढणाऱ्याची धाप दम्याची का सीओपीडीची, म्हणजे फुफ्फुसाच्या जुनाट आजाराची, हा घोळ डॉक्टरांनाही पडतो. आणि नेमकी हीच माहिती हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमधल्या टेबलात धड मिळत नव्हती. त्या वेळच्या आयसीडी-९ या आजारांच्या कोडच्या यादीमध्ये तंबाखूच्या व्यसनासाठी ३०५.१ आणि पूर्वी घेत होता यासाठी व्ही१५.८२ असे कोड होते, नाही असं नाही, पण बिलिंगचे कोड बिलासाठी भरले जातात, न्यूमोनियाच्या ॲडमिशनला सिगारेटचा कोड लावला नाही म्हणून कोणाचं बिल अडत नाही, मग तो राहून जातो. खरी माहिती होती डॉक्टरने डिक्टेट केलेल्या समरीत, मधल्याच कुठल्यातरी परिच्छेदात, अर्ध्या ओळीत.

चिंग झेंग आणि त्यांच्या टीमने यासाठी हायटेक्स नावाचं टूल बनवलं आणि २००६ मध्ये त्याचे आकडे छापले: मुख्य निदान काढण्यात ८२ टक्के बरोबर, सोबतचे आजार ८७ टक्के, स्मोकिंग ९० टक्के. चांगलेच आकडे आहेत. फक्त त्यांना एक शेपूट आहे, ज्या केसमध्ये तज्ज्ञांनीच 'पुरेशी माहिती नाही' असा शेरा मारला त्या केसेस हिशोबात नाहीत. असलं शेपूट लोक वाचतच नाहीत, आणि या प्रकरणातला निम्मा जीव त्याच्यातच आहे.

मग त्याच वर्षी हे काम स्पर्धेच्या रूपात सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यामागे ओझलेम उझुनर या संशोधक होत्या, सोबत ल्युओ, गोल्डस्टाइन, कोहाने, आणि जोडीच्या दुसऱ्या स्पर्धेत एमआयटीचे पीटर स्झोलोवित्स. दुसरी स्पर्धा म्हणजे समरीतून ओळख पुसण्याची. खऱ्या पेशंटचे कागद बाहेरच्या टीमला द्यायचे तर नाव, पत्ता, फोन, तारखा, डॉक्टरचं नाव सगळं काढावं लागतं, आणि नुसतं काळं फासलं तर वाक्य वाचण्यासारखं राहत नाही म्हणून त्यांनी जागोजागी खोटी नावं भरली. ८८९ समरी होत्या त्या कामाला. त्यात गंमत अशी की पार्किन्सन हे आडनावही असतं आणि आजारही, आणि हे कॉम्प्युटरला वाक्यावरूनच ओळखावं लागतं, आजार समजून नाव ठेवलं तर प्रायव्हसी गेली आणि नाव समजून आजार पुसला तर निदानच गेलं. तो वेगळा विषय आहे, इथे एवढंच लक्षात ठेवा की स्मोकिंगवाल्या टीम्सच्या हातात आलेले कागद या चाळणीतून आलेले होते.

आता लेबलं. हो का नाही असे दोनच कप्पे असतील असं वाटतं ना, पण त्यांनी पाच केले. पूर्वी ओढायचा, म्हणजे वर्षभराहून जास्त काळापूर्वी सोडली. सध्या ओढतो, म्हणजे गेल्या वर्षभरात ओढलीय. ओढणारा, म्हणजे ओढतो किंवा ओढायचा एवढं कळतंय पण आत्ता का पूर्वी ते कागदावरून ठरत नाही. कधीच न ओढणारा. आणि पाचवा माहीत नाही, म्हणजे समरीत सिगारेटचा उल्लेखच नाही. ही एक वर्षाची रेघ नीट बघा. पेशंट म्हणतो सोडली, डॉक्टर लिहितो 'तीन आठवड्यांपूर्वी सोडली', आणि व्याख्येप्रमाणे तो 'सध्या ओढतो' मध्ये जातो. बरोबरच आहे ते, फुफ्फुसाच्या दृष्टीने तीन आठवडे म्हणजे काहीच नाही, पण 'सोडली' हा शब्द दिसला की 'पूर्वी'त टाका असा नियम लिहिणारा प्रोग्राम इथे पहिल्या झटक्यात चुकणार. आणि कागदावर नुसतं 'सोडली' आहे, कधी ते नाहीच, तर?

लेबल लावायला पल्मोनॉलॉजिस्ट बसवले, छातीचे डॉक्टर, म्हणजे दिवसभर हाच प्रश्न विचारणारी माणसं. आणि त्यांच्याकडून दोन प्रकारे उत्तरं मागितली, हे मला या सगळ्या मांडणीतलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. एक उत्तर फक्त मजकुरावरून, कागदावर जे लिहिलंय त्याच्या बाहेर जायचं नाही. दुसरं उत्तर डॉक्टर म्हणून जे वाटतं ते, म्हणजे समरीत सिगारेटचं अवाक्षर नाही पण सत्तरीचा माणूस आहे, एम्फिसीमा हा फुफ्फुसाचा आजार आहे, पायाच्या रक्तवाहिन्या बंद आहेत, तर अनुभवी डॉक्टर मनात म्हणणारच की हा ओढत असणार. मजकुरावरून दिलेल्या उत्तरांमध्ये डॉक्टरांचं एकमेकांशी चांगलं जमलं. मनाच्या उत्तरांमध्ये एकमत बरंच खाली आलं. म्हणून स्पर्धेत मजकुरावरची उत्तरंच घेतली, जिथे मतभेद झाले तिथे आणखी मतं घेतली, आणि तरीही जिथे एकमत झालं नाही त्या नोंदी बाहेर काढल्या.

बाहेर काढल्या यावर दोन मिनिटं थांबायला पाहिजे. स्पर्धेसाठी हे योग्यच आहे, ज्या प्रश्नाचं उत्तर माणसांनाच देता येत नाही त्यावर कॉम्प्युटरला मार्क कसले देणार. पण मग जो उरला तो सोपा ढीग उरला. हॉस्पिटलच्या खऱ्या सर्व्हरवर प्रोग्राम चालवला की तिथे ती भांडणाची समरीही येणार, तिला कोणी वगळून ठेवलेलं नसणार, आणि प्रोग्राम काहीतरी लेबल चिकटवून मोकळा होणार, तेही त्याच आत्मविश्वासाने. छापलेला स्कोअर आणि आपल्या हॉस्पिटलातला स्कोअर यात जी दरी पडते तिचं एक मोठं कारण हे आहे.

उरल्या एकूण ५०२ समरी. त्यातल्या ३९८ शिकायला दिल्या, १०४ परीक्षेला ठेवल्या. शिकायच्या ३९८ मध्ये पूर्वी ओढणारे ३६, सध्या ओढणारे ३५, नुसतं ओढणारे ९, न ओढणारे ६६ आणि माहीत नाही २५२. परीक्षेच्या १०४ मध्ये तसंच, ११, ११, ३, १६ आणि ६३. म्हणजे पाचातल्या तीन समरींमध्ये सिगारेटबद्दल एक शब्द नाही! बॉस्टनसारख्या ठिकाणी, शिकवणारी मोठी हॉस्पिटलं असताना. यात डॉक्टरांना नावं ठेवायचं कारण नाही, समरी ही पुढच्या डॉक्टरला काय झालं काय केलं हे सांगायला लिहिली जाते, आपण दहा वर्षांनी येऊन तिच्यात आपल्या रिसर्चचं उत्तर शोधणार आहोत हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

या आकड्यांचा दुसरा परिणाम मार्कांवर होतो. समजा मी काहीच न वाचता सगळ्या १०४ समरींवर 'माहीत नाही' असा शिक्का मारला, तर ६३ बरोबर येतात, म्हणजे ६० टक्क्यांच्या वर, घरबसल्या. म्हणून इथे दोन प्रकारे मार्क काढले, मायक्रो आणि मॅक्रो. मायक्रोमध्ये प्रत्येक समरी सारखी मोजायची, मॅक्रोमध्ये प्रत्येक कप्पा सारखा मोजायचा, मग त्या कप्प्यात ६३ असोत नाहीतर ३. माझ्या शिक्कामारू प्रोग्रामला मायक्रोत १ पैकी ०.६१ मिळतात आणि मॅक्रोत ०.१५, तिथे सोंग उघडं पडतं. पण मॅक्रोचीही एक खोड आहे. 'ओढणारा' कप्प्यात परीक्षेला फक्त ३ जण आहेत. एखाद्या प्रोग्रामने बाकी सगळ्या १०१ समरी अचूक ओळखल्या आणि हे तिघे 'पूर्वी ओढायचा' मध्ये टाकले, तर मायक्रो ०.९७ आणि मॅक्रो मात्र ०.८ च्या खाली. तीन माणसांमुळे! त्यामुळे कोणी नुसतं मॅक्रो दाखवून अमुक सिस्टिम तमुकपेक्षा भारी म्हणायला लागलं की आधी विचारायचं, छोट्या कप्प्यात माणसं किती होती. आणि नुसतं मायक्रो दाखवलं तर विचारायचं, मोठा कप्पा कुठला होता.

११ टीम्स आल्या, प्रत्येकीला तीनपर्यंत प्रयत्न पाठवायची मुभा होती, एकूण २३ आले आणि त्यातल्या १२ चा मायक्रो ०.८४ च्या वर गेला. पद्धती एकमेकींपासून खूप लांबच्या होत्या, कोणी हाताने नियम लिहिले, कोणी मशीन लर्निंग लावलं, कोणी दोन्हीची खिचडी केली, आणि तरी बरेच जण आसपासच येऊन पोचले. का, ते आयोजकांच्या विश्लेषणात आलंय आणि ऐकायला जरा हिरमुसायला होतं: इंग्लिश समरीत सिगारेटची माहिती फार थोड्या खुणांनी लिहिली जाते. स्मोक, टोबॅको, सिगार या तीन मुळांवरून निघणारे शब्द, आणि सोशल हिस्टरी हे हेडिंग. हे सापडलं तर त्याच्या आजूबाजूला बघा, नाही सापडलं तर 'माहीत नाही' म्हणा आणि पुढे चला. समरी दोन पानांची असो नाहीतर पाच, कामाची ओळ एकच.

ओरेगॉनच्या ॲरन कोहेननी हेच सरळ पद्धतीत बसवलं. या शब्दांना त्यांनी हॉटस्पॉट म्हटलं, त्यांच्या अवतीभवतीचा मजकूर ठेवला, बाकी अख्खी समरी टाकून दिली आणि क्लासिफायर, म्हणजे कप्पा ठरवणारा प्रोग्राम, त्या तुकड्यावरच चालवला. हॉटस्पॉटच नसेल तर क्लासिफायरकडे जायचंच नाही. ही युक्ती मला फार आवडते, कारण अख्खी समरी दिली की मशीन भलत्याच गोष्टी शिकतं, बायपासचा उल्लेख आहे म्हणजे ओढणारा असेल वगैरे, आणि ३९८ उदाहरणांत असला योगायोग शिकायला वेळ लागत नाही. नुआन्स कंपनीच्या शेरिल क्लार्क आणि सहकाऱ्यांची सिस्टिम वरच्या नंबरात होती, त्यांनीही पहिली पायरी अशीच ठेवली, उल्लेख नाही तर 'माहीत नाही', आणि उल्लेख असेल तर भाषेचे नियम लावून त्याला काळ आणि स्थिती जोडायची, म्हणजे सोडली का, कधी, किती ओढायचा, आणि ही जोडलेली माहिती मग मशीन लर्निंगला खायला घालायची. त्यांचं एक निरीक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे, भाषेचे नियम वापरून काढलेल्या खुणांनी नुसत्या शब्दांपेक्षा नेहमीच फायदा झाला, पण डेटा वाढत गेला तसा तो फायदा कमी होत गेला. २००८ मध्ये छापलेलं वाक्य आहे हे! आजच्या मोठ्या मॉडेल्सवर चाललेली निम्मी भांडणं याच मुद्द्यावर आहेत.

आता ओळ सापडली, पुढे काय? इथे खरं रण माजतं. नकार ओळखायला २००१ पासून नेगेक्स होतं, पिट्सबर्गच्या वेंडी चॅपमन यांचं, साधी नियमांची यादी, 'डिनाइज', 'नो', 'विदाउट' असा शब्द आला की पुढच्या पाच-एक शब्दांतला आजार नाकारला असं धरायचं. त्यांच्या मूळ परीक्षेत नकार म्हणून जे धरलं त्यातलं ८४.५ टक्के खरंच नकार निघालं, आधीच्या ढोबळ पद्धतीत ते ६८.४ टक्के होतं, आणि त्या बदल्यात काही नकार निसटले, खऱ्या नकारांपैकी पकडलेल्यांचं प्रमाण ८८.३ वरून ७७.८ टक्क्यांवर आलं. ताप, छातीत दुखणं यासाठी ही युक्ती आजही चालते. सिगारेटला मात्र ती अडखळते, कारण 'नो लाँगर स्मोक्स' यात 'नो' आहे आणि 'स्मोक्स' आहे आणि उत्तर 'न ओढणारा' नाही, 'पूर्वी ओढायचा' आहे. 'नो स्मोकिंग सिन्स' आणि पुढे एखादं साल, तेही तसंच. 'नो टोबॅको, अल्कोहोल ऑर ड्रग्ज' यात एक 'नो' तिघांना लागतो. 'क्विट' म्हणजे सोडली, पण 'ट्राइंग टू क्विट' म्हणजे अजून ओढतोय, आणि डिस्चार्जच्या सूचनांमध्ये 'शुड क्विट स्मोकिंग' असेल तर तो सल्ला आहे, त्यावरून तो नक्की ओढतो असं म्हणायला हरकत नाही, पण 'डू नॉट स्मोक व्हाइल युजिंग ऑक्सिजन' ही छापील सूचना असेल तर तिच्यावरून काहीच कळत नाही. 'वडील खूप ओढायचे', 'नवरा घरात ओढतो' हे पेशंटबद्दल नाही. 'स्मोक इनहेलेशन' तर आगीतला धूर. आणि पॅक-इयर्स नावाचा हिशोब, रोजची पाकिटं गुणिले वर्षं, रोज दोन पाकिटं वीस वर्षं म्हणजे ४०. '४० पॅक-इयर हिस्टरी' एवढंच लिहिलेलं असेल तर भरपूर ओढली हे पक्कं, अजून ओढतो का ते नाही कळत. तो जातो त्या ९ आणि ३ वाल्या 'ओढणारा' कप्प्यात.

आणखी एक उपद्व्याप, एकाच समरीत दोन गोष्टी. वर हिस्टरीत सोडली म्हणून लिहिलंय आणि खाली डिस्चार्जच्या वेळी सिगारेट सोडायला लावतात तो निकोटिन पॅच दिलाय. माणूस वाचतो तेव्हा गालातल्या गालात हसतो आणि काय ते समजतो. कॉम्प्युटरला तुम्ही सांगाल ते, पहिली ओळ धर, शेवटची धर, का सगळ्यात ताजी धर. इथे सगळ्या केसेसना लागू पडणारा नियम नाही हे माझं मत, प्रत्येक हॉस्पिटलच्या लिहिण्याच्या सवयीप्रमाणे तो ठरवावा लागतो आणि ठरवून लिहून ठेवावा लागतो.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त डोकं चालवलेलं वाटतं ते अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजच्या विसेंटोव्स्की आणि सायड्स यांनी. त्यांनी सरळ शब्दांवर चालणारा एक प्रोग्राम केला, तो बरा चालला, आणि मग त्यांनी उलटं करून बघितलं. समरीतून सिगारेटशी संबंधित सगळे शब्द हाताने पुसून टाकले आणि उरलेल्या मजकुरावरून नाइव्ह बेज या शक्यता मोजणाऱ्या साध्या क्लासिफायरला ओळखायला सांगितलं, ओढतो का. तोच आंधळा पेपर तीन जाणकार माणसांनाही दिला, ५४ समरींचा. निकाल असा की शब्दांवरच्या प्रोग्रामइतकं कोणालाच जमलं नाही, पण क्लासिफायर आणि माणसं एकमेकांच्या जवळपास आली. म्हणजे खूण नसली की आजारांवरून, वयावरून, औषधांवरून अंदाज बांधायचा, आणि त्या अंदाजात माणसाकडे फार काही जादू नाही. आता हे वर सांगितलेल्या डॉक्टरांच्या मनातल्या उत्तरांशेजारी ठेवून बघा, तिथेही डॉक्टर एकमेकांशी जुळत नव्हते. मला वाटतं, 'कॉम्प्युटरला डॉक्टरसारखं समजायला हवं' असं जे सरसकट बोललं जातं त्याची इथे हवाच निघते, कुठल्या डॉक्टरसारखं ते आधी सांगा.

२००८ च्या पुढच्या स्पर्धेत आयटूबीटूने हाच धागा मोठा केला. १,२३७ समरी, लठ्ठपणा आणि त्याच्यासोबतचे १५ आजार, आणि या वेळी मजकुरावरची आणि मनाची अशी दोन्ही उत्तरं रीतसर स्पर्धेत घेतली. मग औषधं, मग काळाचे संबंध, असं करत ते पुढे गेलं आणि तो सगळा डेटा आता हार्वर्डकडे एनटूसीटू या नावाने आहे, करारावर सही करून मिळतो.

सरकारी बाजूने काय झालं तेही बघण्यासारखं आहे. २००९ च्या हायटेक कायद्यानंतर अमेरिकेत डॉक्टरांना इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड वापरण्यासाठी पैसे द्यायला लागले आणि त्याच्या २०११ च्या पहिल्या टप्प्यातल्या अटींमध्ये एक अट होती की १३ वर्षं आणि वरच्या निम्म्याहून जास्त पेशंटची स्मोकिंग स्थिती ठरावीक कप्प्यात भरलेली पाहिजे. कप्पे कुठले? रोज ओढतो, कधीमधी ओढतो, पूर्वी ओढायचा, कधीच नाही, ओढणारा आहे पण सध्याची स्थिती माहीत नाही, आणि कधी ओढली का हेच माहीत नाही. टेबल करूनही ते दोन अडचणीचे कप्पे गेले नाहीत. जाणार कसे, पेशंटने सांगितलं नाही किंवा कोणी विचारलं नाही हे ड्रॉपडाऊनने कसं बदलेल. आता ड्रॉपडाऊनमध्ये एक आणि खाली नोटमध्ये दुसरंच असं सापडतं, आणि नोट वाचणारा प्रोग्राम तरीही लागतोच.

आता आपल्याकडे. हे सगळं मी पोरांना वाचायला लावतो तेव्हा पुढची पायरी अशी असते की हे पाच कप्पे आणि हे तीन हॉटस्पॉट शब्द घेऊन महाराष्ट्रातल्या एखाद्या डिस्चार्ज कार्डावर चालवा. इंग्लिशच असतं कार्ड, त्यामुळे वाटतं चालेल. चालत नाही. पहिली गोष्ट म्हणजे हेडिंग. आपल्याकडे एमबीबीएसला केस लिहायला शिकवतात त्यात पर्सनल हिस्टरी असते, त्यात आहार, झोप, भूक, शौच-लघवी आणि शेवटी हॅबिट्स किंवा ॲडिक्शन्स. सोशल हिस्टरी हे हेडिंग शोधणारा नियम उपाशी बसतो. दुसरं, पॅक-इयरच्या जागी बऱ्याचदा स्मोकिंग इंडेक्स, रोजच्या बिड्या किंवा सिगारेटी गुणिले वर्षं. 'एसआय ३००' दिसलं तर ते रोज १५ विड्या वीस वर्षं असू शकतं. हा आकडा पॅक-इयर समजून वाचला तर माणूस रोज पंधरा पाकिटं ओढायचा असा रिपोर्ट येईल. तिसरं, 'रिफॉर्म्ड स्मोकर' हा आपल्याकडचा लाडका शब्दप्रयोग, 'पूर्वी ओढायचा' यासाठी, तो नियमात हाताने घालावा लागतो.

आणि चौथी गोष्ट सगळ्यात मोठी. अमेरिकेत तंबाखू म्हणजे बहुतेक वेळा सिगारेट असं धरून चालतं. २०१६-१७ च्या गॅट्स या तंबाखूवरच्या सर्व्हेत महाराष्ट्रातले मोठ्या वयाचे २६.६ टक्के लोक तंबाखू घेतात असं आलं, एकूण लोकांपैकी ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे, लावणारे, चघळणारे २४.४ टक्के. म्हणजे 'टोबॅको प्लस' अशी खूण दिसली की ओढणारा असं लेबल लावणारा प्रोग्राम इथे उलटाच पडणार, तो माणूस मळलेला चुना-तंबाखू दाढेखाली ठेवणारा असायची शक्यता जास्त. मिश्री तर प्रोग्रामच्या यादीतच नसते, आणि कित्येक बायका तिला व्यसन समजतच नाहीत, 'दात घासते फक्त' म्हणतात, मग कार्डावर येणार कुठून. उलट बाजूने, सीओपीडीच्या खेड्यातल्या बाईच्या कार्डावर 'बायोमास स्मोक एक्सपोजर' लिहिलेलं असतं, चुलीचा धूर, आणि स्मोक हा हॉटस्पॉट खणखणीत लागतो. जिने आयुष्यात बिडी हातात धरली नाही ती ओढणाऱ्यांच्या यादीत.

त्यामुळे इथे कप्पे मुळातूनच वेगळे करावे लागतात: ओढण्याचा एक कॉलम, खाण्या-लावण्याचा दुसरा, धुराचा संपर्क तिसरा, आणि प्रत्येकात आत्ता, पूर्वी, काळ कळत नाही, कधीच नाही, उल्लेख नाही असे पाच पर्याय. सोबत ज्या ओळीवरून उत्तर काढलं ती ओळ जशीच्या तशी ठेवायची, म्हणजे डॉक्टरला संशय आला तर तो दहा सेकंदात बघून घेईल. आज मोठं भाषिक मॉडेल वापरा नाहीतर जुने नियम वापरा, ही ओळ मागायचीच, आणि मॉडेलने दिलेली ओळ कार्डात खरंच आहे का हे साध्या स्ट्रिंग मॅचने, म्हणजे अक्षराला अक्षर जुळवून, तपासायचं, ते फुकटात होतं आणि मनचं लिहिलेलं तिथल्या तिथे पकडलं जातं.

एक भांडण मात्र प्रत्येक बॅचला होतं. 'हॅबिट्स: निल' अशी ओळ. विचारून नाही म्हणाला म्हणून निल, का टेम्प्लेटमध्ये आधीपासून होतं म्हणून निल? पोरं म्हणतात 'कधीच नाही'त टाका, लिहिलंय ना. आयटूबीटूच्या मजकुराच्या नियमाने त्यांचं बरोबर आहे. मी म्हणतो आधी त्या हॉस्पिटलची शंभरेक कार्डं काढा आणि बघा, सगळ्यांवर तीच ओळ, तेच स्पेलिंग, तोच स्वल्पविराम असेल आणि वय सहा महिने ते ऐंशी असेल, तर ती ओळ डॉक्टरने लिहिलेली नाही, तिला 'उल्लेख नाही' मध्येच टाका आणि तसं का केलं ते फाइलच्या वर लिहून ठेवा.